सील गेलंय की निपल सडलंय? जुन्या जीआय सांध्याची गळती

अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपच्या सांध्याशी थेंब जमलेला दिसला की हात आधी पाइप पान्याकडे जातो. नेमकं तिथेच थांबायला हवं. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या गळतीची दोन वेगळी कारणं असतात. एकात आट्यांमधलं सील, म्हणजे तिथे भरलेला काथ्या किंवा टेप, गेलेलं असतं, दुसऱ्यात आट्यांपाशी लोखंडच सडलेलं असतं. सील गेलं असेल तर सांधा उघडून पुन्हा बांधता येतो. लोखंड सडलेलं असताना पाना फिरवला, तर निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाइप) एल्बोच्या, म्हणजे कोपऱ्याच्या जोडाच्या, तोंडाशी तुटतं, अर्धं आत राहतं आणि प्रकरण टाइल्स फोडण्यापर्यंत जातं.

पाइप सडतो तो आट्यांपाशीच, कारण तिथे तो सर्वांत पातळ असतो. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे अर्ध्या इंची पाइपची जाडी निळ्या पट्ट्याच्या बी क्लासमध्ये २.६ मिमी आणि पिवळ्या पट्ट्याच्या ए क्लासमध्ये २ मिमी असते. आटा जवळजवळ १.१६ मिमी खोल जातो. म्हणजे खोबणीच्या तळाशी बी क्लासमध्ये साधारण निम्मंच लोखंड उरतं आणि ए क्लासमध्ये निम्म्याहूनही कमी. आटे निमुळते असल्याने टोकाकडे ते आणखी कमी होतं. शिवाय आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो. स्वस्तातला पाइप पुढे महाग पडतो तो यामुळे.

निदानासाठी सांधा फडक्याने पूर्ण कोरडा करा आणि त्याभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा. पाणी वरून ओघळूनही येत असतं, म्हणून सर्वांत वरचा ओला बिंदू शोधा. सॉकेटची (पाइपवर चढणाऱ्या जोडाची) किनार आणि पाइप यांच्यामधल्या फटीतून पाणी येत असेल आणि तिथे क्षाराची पांढरी खपली असेल, तर बहुतेक सील गेलं आहे. किनारीबाहेर उरलेल्या दोन-तीन आट्यांच्या खोबणीतून पाणी झिरपत असेल, किंवा तिथे गंजाची तपकिरी, कडक गाठ आली असेल, तर लोखंड सडलं आहे. गाठ किनारीला चिकटूनच असेल तरी सडलंय असंच धरा. पाणी बंद करून बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक खोबणीत दाबून पाहा. चांगलं लोखंड चकाकतं, सडलेल्याचे पापुद्रे सुटतात. ही गाठ पाणी चालू असताना खरवडू नका, बऱ्याचदा भोक तिनेच बुजवलेलं असतं.

आणखी एक खूण ठरावीक वेळेला पाणी येणाऱ्या इमारतींत दिसते. पाणी सुटल्यावर सांधा गळतो आणि तासाभरात आपोआप थांबतो. तिथे जुना काथ्या भरलेला असतो. तो कोरडा पडला की आकसतो आणि भिजला की फुगतो. हे दुखणं सीलचं.

सांध्याच्या एका बाजूला पितळी व्हॉल्व किंवा गीझरची तांब्याची नळी असेल, तर संशय सडण्याकडे झुकवा. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना टेकले की आधी जस्त झिजतं, मग लोखंड. पाणी तांब्यातून जीआयमध्ये जात असेल तर ते जास्त वाईट, कारण पाण्याबरोबर आलेलं तांबं पुढच्या जस्तावर बसून खड्डे पाडतं. त्यातून पाणी गरम असेल तर झीज आणखी वाढते.

आता दुरुस्ती. नुसतं सील गेलं असेल तरी लाइनीच्या मध्येच सांधा आवळता येत नाही. एका टोकाला पाइप आवळला की दुसऱ्या टोकाला तो सैल होतो. म्हणून जवळचं युनियन (पाइप न फिरवता मधूनच उघडता येणारा जोड) शोधून तिथून उघडत या. पाने दोन लागतात, एक फिरवायला आणि एक मागचं फिटिंग धरून ठेवायला. आटे तारेच्या ब्रशने घासा, जुना काथ्या पूर्ण काढा. मग १२ मिमी रुंदीची टेफ्लॉन टेप, आट्याचं तोंड आपल्याकडे ठेवून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा. पहिला आटा मोकळा सोडा. जीआयच्या खरबरीत आट्यांना आठ-दहा वेढे लागतात. हाताने बसेल तितकं बसवा, मग पान्याने आवळा. कोन जुळवायला उलटं फिरवू नका. टेप एकदा चिरडली की मागे येताना वाट सोडते. कोन जुळला नाही तर सगळं काढून नवी टेप लावा.

सुती धागा आणि सफेदा (आट्यांना लावायची पांढरी तेलकट पेस्ट) हेही चालतं, पण शेंदूर मुळीच नको. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी कमी आहे.

निपल सडलं असेल तर ते बदलायचंच. काढताना तुटलं, तर आत राहिलेल्या कड्याला हॅक्सॉच्या सुट्या ब्लेडने आतून दोन चिरा द्या, एल्बोचे आटे लागण्याआधी थांबा आणि मधला तुकडा छिन्नीने आत वाकवून काढा. शेजारच्या पाइपचे आटेही तपासा. एकाच वेळी घातलेली लाइन साधारण एकाच वेळी थकते, म्हणून दोन-तीन ठिकाणी गाठी दिसल्या तर तेवढा भाग सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपात बदलणं शहाणपणाचं. जोड पितळी आट्यांचाच घ्या: जीआयचे आटे बाहेरचे असतील तर एफएबीटी (आतले पितळी आटे असलेला), आतले असतील तर एमएबीटी (बाहेरचे पितळी आटे असलेला). आतले आटे असलेलं नुसतं प्लास्टिकचं फिटिंग लोखंडी आट्यांवर चढवू नका. निमुळता लोखंडी आटा ते पाचरीसारखा आतून फाडतो आणि चीर काही आठवड्यांनी उघडी पडते. आटे आधी आवळा, सॉल्व्हंटने चिकटवायचा सीपीव्हीसीचा सांधा नंतर करा. इथे टेफ्लॉनच वापरा, कारण तेलकट सफेद्याने सीपीव्हीसी कमजोर होतं.

जुन्या घरांत विजेचं अर्थिंग कधी कधी याच पाइपला जोडलेलं असतं. मध्ये प्लास्टिक आलं की अर्थिंग तुटतं आणि नळाला शॉक लागू शकतो. कापण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून हे तपासून घ्या.

एम-सील दोन्ही प्रकारांत तात्पुरतंच, तेही पाणी बंद करून, पाइप कोरडा आणि खरवडलेला असेल तर. वाहत्या पाण्यावर ते धरत नाही. आट्यांपासून दूर, पाइपच्या अंगाला भोक पडलं असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि दोन क्लिपा जास्त भरवशाच्या. प्लंबर येईपर्यंत तेवढं पुरतं.