तृतीयपंथीयांचे हक्क (भारत)

जन्मवेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारे लिंग ज्यांचे जुळत नाही, अशा व्यक्तींना मराठीत तृतीयपंथी किंवा पारलिंगी म्हणतात. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली. त्यांपैकी ४०,८९१ महाराष्ट्रातले होते. घरच्यांपासूनही ओळख लपवावी लागते, हे पाहता खरा आकडा मोठाच असणार.

हिजडा समाजात घरातून हाकललेल्या मुलाला गुरू पदरात घेतो. वडिलांच्या नावाच्या जागी गुरूचे नाव लागते, म्हातारपणी गुरूला चेला सांभाळतो. पोट चालते ते बधाई (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणारे पैसे) आणि मंगतीवर (पैसे मागण्यावर). पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमाभागात सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला सोडलेले, म्हणजे वाहिलेले, जोगते साडी नेसून, परडी घेऊन, चौंडक्यावर (एकतारी वाद्यावर) जोगवा मागतात. दारात आलेल्या जोगत्याच्या पाया पडणारी माणसे त्यालाच भाड्याने खोली द्यायला कचरतात. देवाच्या नावाने मिळणारा हा मान माणूस म्हणून मिळत नाही, आणि हक्कांचा सगळा झगडा इथूनच सुरू होतो.

इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या लोकांची पोलिसांकडे नोंद ठेवायला सुरुवात केली. नोंद झालेल्याने बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसणे किंवा नाचणे हाही गुन्हा ठरला आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल दिला. ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी त्यात आपली बाजू मांडली होती. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचे त्याने ठरवायचे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालायची नाही, असे न्यायालयाने म्हटले. या समाजाला मागास समजून शिक्षणात व नोकरीत आरक्षण द्यावे, असाही आदेश होता. तो बहुतेक राज्यांनी बाजूला ठेवला. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का जागा ठेवल्या.

निकाल गावपातळीवर कसा पोचतो, हे जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये दिसले. अंजली गुरू संजना जान यांनी ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने तो बाद केला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्त्री ही स्वओळख मान्य केली. मात्र पुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणवून घेता येणार नाही, असेही बजावले. अंजली निवडून आल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळने तर २०१७ मध्येच ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच केले होते. सरकारी कचेरीपेक्षा गाव पुढे असल्याची ही दोन ठळक उदाहरणे.

पोलीस भरतीच्या अर्जात मात्र २०२२ पर्यंत स्त्री आणि पुरुष एवढेच पर्याय होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर, त्या वर्षीच्या डिसेंबरात, राज्य सरकारने तिसरा पर्याय देण्याचे आणि शारीरिक चाचणीचे वेगळे निकष ठरवण्याचे मान्य केले.

संसदेने २०१९ मध्ये केलेल्या कायद्यात ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडून घेण्याची तरतूद आली. कोणाच्या दाखल्याशिवाय ओळख सांगण्याचा २०१४ चा गाभाच त्यामुळे पातळ झाला, हा कार्यकर्त्यांचा आक्षेप रास्त आहे. तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवली गेली. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा असताना ही तफावत ठेवण्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही.

समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने गुन्ह्यातून वगळले गेले. समलिंगी विवाहाला १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्यता नाकारली; तृतीयपंथी व्यक्तीला स्त्री-पुरुष नात्यात प्रचलित कायद्यांनुसार लग्न करता येते, हे मात्र त्याच निकालाने स्पष्ट केले.