फोटोवरून गोधडी: काम देण्याआधी वाचा

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पहाटे काढलेला फोटो मोबाइलवर दाखवून बरेच जण म्हणतात, "अगदी अस्साच करून द्या." हुबेहूबच हवा असेल, तर कापडावर छापून घ्या; ते स्वस्तही पडेल. गोधडीत आम्ही फोटोतली एकच गोष्ट उचलतो. म्हणून फोटोसोबत एवढं सांगा: तुम्ही तिथे कशासाठी थांबला होतात? पाण्यावरच्या धुक्यासाठी, की पाणवनस्पतींत शिरणाऱ्या जांभळ्या पाणकोंबडीसाठी? पाणकोंबडी असेल, तर तिची लाल चोच सोडून बाकी गोधडीत आम्ही लाल रंग येऊ देणार नाही.

फोटो स्वतःचा असावा, नाहीतर काढणाऱ्याची परवानगी घ्या. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे बारकावे टिकतात.

रंग ठरवण्याआधी आम्ही फोटो कृष्णधवल करून बघतो. अंजनेरीचा हिरवा कडा आणि मागचं निळं आभाळ रंगीत फोटोत वेगळं दिसतं. पण दोन्ही सारखीच करडी निघाली, तर कापडात डोंगर लांबून दिसतच नाही. मग फोटोत नसलं तरी आभाळ फिकं घेतो.

कापड सुती, वापरून मऊ झालेलं असावं. घरातलं लुगडं, आईची साडी जरूर आणा. जुनेराचा विटलेला निळा रंग गंगापूर धरणाच्या पाण्याला जसा शोभतो, तसा नव्या ठाणात आम्हाला अजून सापडलेला नाही. नवं गडद कापड मात्र आधी धुऊन, रंग जात नाही ना हे बघूनच वापरतो.

सगळ्यात जास्त वेळ धावदोऱ्याला लागतो, आणि आमचा जीवही त्यातच आहे. पाण्यावर आडव्या लांब ओळी, कातळावर तुटक उभे टाके, पावसाला तिरका दोरा. कडेने मात्र जुन्या गोधडीसारख्या काठाला धरून आत येणाऱ्या ओळी ठेवतो. टाक्यांनी कापड आक्रसतं, म्हणून मागचं कापड दोन इंच मोठं धरतो. तरी मापात थोडा फरक पडतोच; फ्रेम आधी करून ठेवू नका.

टांगण्यासाठी मागे दांडीचा नेफा शिवून देतो. थेट ऊन येणारी भिंत टाळा. धुवायची झाल्यास गार पाण्यात हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवा.

साडीला कात्री लावण्याआधी कागदावरचा आराखडा तुम्हाला दाखवतो. उरलेलं कापड, चिंध्यांसकट, परत मिळेल.