हापूस आणि तापमानवाढ

वाढते तापमान आणि ढळलेले ऋतुचक्र यांमुळे कोकणातील हापूस आंब्याच्या पिकावर व बागायतदाराच्या उत्पन्नावर होणारा परिणाम. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पाऊस सरून जमीन सुकली आणि रात्रीचा पारा 15 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला, की कलमाची जून, म्हणजे पक्व झालेली, काडी मोहरते. पाऊस लांबला तर जमिनीत ओल राहते, मोहराऐवजी पालवी फुटते आणि ती जून होईपर्यंत हंगाम मागे सरकतो. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे ही कीड आणि भुरी व करपा हे बुरशीजन्य रोग वाढतात. त्यामुळे फवारण्याही वाढतात. थंडी उशिरापर्यंत रेंगाळली तरी नुकसानच. फळे वाटाण्याएवढी असताना पुन्हा मोहर येतो, अन्नरस नव्या मोहराकडे वळतो आणि आधीची फळे गळतात. याला पुनर्मोहर म्हणतात. मार्चमध्ये पूर्वेकडून गरम वारे वाहू लागले की समुद्रावरचे खारे वारे उशिरा पोचतात. अशा दिवसांत कोवळी फळे गळतात, मोठी भाजून डागाळतात. फळाचा गर आतून बिघडण्याचा ‘साका’ हा दोषही उष्णतेशी जोडलेला आहे. तो बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ग्राहकाचा विश्वास तुटतो.

हापूसचा पैसा वेळेत आहे. मार्चमधल्या पेटीला जो दर मिळतो, तो मे महिन्यात मिळत नाही. उरलेला माल कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना, किलोच्या भावाने जातो. त्यामुळे झाडावर आंबा असूनही, तो महिनाभर मागे पडला की बागायतदार तोट्यात जाऊ शकतो. खत, फवारणी, राखण, काढणी यांचा खर्च मात्र कमी होत नाही. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळाने झाडावरची फळे पाडली. जून 2020 मधील निसर्ग वादळात तर झाडेच उन्मळली, आणि नवे कलम भरघोस फळायला कित्येक वर्षे जातात.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई महसूल मंडळातील (काही गावांच्या गटातील) हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. डोंगर, खाडी आणि सडा (कातळाचे पठार) यांनी तुटलेल्या कोकणात केंद्रावरची हवा आणि बागेतली हवा एकच असेल असे नाही. हा या योजनेतला खरा दोष आहे.

पुनर्मोहर टाळण्यासाठी जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाची फवारणी, साका कमी करण्यासाठी झाडाखाली आच्छादन, असे उपाय सुचवले जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’ जातीत साका होत नाही, पण बाजारात नाव अजून हापूसचेच चालते.