नाकाचा फवारा चार दिवसांत परत आणण्याआधी हे वाचा

पावसाळा सरत आला की आमच्या औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर एकच प्रसंग रोज घडतो. रस्त्याकडेला गाजर गवत फुललेलं असतं, आसपासच्या गावांत सोयाबीन निघत असतं, घरोघरी दिवाळीची झाडलोट सुरू झालेली असते, आणि ॲलर्जीच्या सर्दीने लोक शिंकत असतात. कोणीतरी आठवड्यापूर्वी नेलेली नाकाच्या फवाऱ्याची बाटली समोर ठेवतं आणि म्हणतं, "भाऊ, याने काही फरक पडला नाही. ही परत घ्या आणि ते नाक मोकळं करणारे ड्रॉप्स द्या."

उघडलेली बाटली आम्ही परत घेत नाही. एकाच्या नाकात गेलेली वस्तू दुसऱ्याला देता येत नाही, यावर वाद नको. बाटली हातात घेतली की आम्ही आधी ती हलवून पाहतो. बऱ्याच बाटल्यांवर १२० फवारे लिहिलेले असतात. प्रत्येक नाकपुडीत रोज दोन म्हटले तर ती महिनाभर पुरते, म्हणजे आठवड्यात पाव बाटली संपायला हवी. परत येणारी बाटली बहुधा गळ्यापर्यंत भरलेली असते. विचारलं की कळतं, दोन दिवस मारला, मग सोडला, मग फार शिंका आल्या त्या रात्री एकदा मारला.

सगळा घोटाळा इथेच आहे. ड्रॉप्स आणि फवारा ही एकाच कामाची दोन औषधं नव्हेत. ड्रॉप्स नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून पाच-दहा मिनिटांत नाक उघडतं. पण तीन ते पाच दिवसांच्या पुढे ते चालू ठेवले, की असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा ड्रॉप्स, पुन्हा चोंदणं. वर्ष-वर्ष खिशात ड्रॉप्सची बाटली घेऊन फिरणारे लोक आमच्याकडे येतात. म्हणून दुसऱ्यांदा ड्रॉप्स मागितले की आम्ही प्रश्न विचारतो. कोणाला राग येतो, तरी विचारतो. डॉक्टरांनी लिहिलेला फवारा आतली सूज उतरवतो. थोडा फरक पहिल्या दिवशीही जाणवू शकतो, पण पुरता गुण यायला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. तोही रोज मारला तरच.

दुसरी चूक मारण्याच्या पद्धतीत होते. डोकं मागे टाकून, नळी मधल्या पडद्याकडे धरून, जोरात श्वास ओढला की औषध सरळ घशात उतरतं. तोंड कडू होतं आणि पडद्याला लागून कधी रक्तही येतं. नवी बाटली आधी हलवा आणि बारीक धुकं येईपर्यंत हवेत दाबा. नाक हलकेच शिंकरा, मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा. असं केलं की नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. दाबताना श्वास हळू घ्या, फुलाचा वास घेतो तेवढाच. हे आम्ही काउंटरवर करून दाखवतो. दोन मिनिटं लागतात. मागे रांग असली तरी थांबा, आम्हीही थांबतो.

"शिंकाच तर आहेत" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं लिहायलाच हवं. चौथीतला एक मुलगा आजीबरोबर यायचा. तळहाताने नाक खालून वर घासायची त्याला इतकी सवय, की नाकावर आडवी रेघ उमटली होती, आणि डोळ्यांखाली काळं. आजी म्हणाली, शाळेतून तक्रार येते, वर्गात पेंगतो, लक्ष नसतं. मुलगा आळशी नव्हता. रात्रभर तोंडाने श्वास घेत होता, त्याला झोपच पुरत नव्हती. आमचे एक जुने गिऱ्हाईक सांगतात, सकाळच्या पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरला तरी वास म्हणून येत नाही, खाणं नुसतं पोट भरण्यापुरतं उरलंय.

ॲलर्जीच्या सर्दीने रोजचं जगणं किती अडतं, हे डॉक्टर मंडळीही मोजतात. कॅनडातल्या एलिझाबेथ ज्युनिपर आणि गॉर्डन गायट यांनी १९९१ मध्ये यासाठी २८ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तिच्यात नाका-डोळ्यांच्या त्रासाबरोबर झोप, रोजची कामं, थकवा, सतत रुमाल बाळगण्याची कटकट, चिडचिड, चारचौघांतला संकोच हेही विचारतात. झोप मोडते का, शाळा-नोकरीत अडचण येते का, यावरूनच आजार सौम्य की जास्त हे ठरतं. तेव्हा डॉक्टरांकडे गेलात की नुसतं "सर्दी आहे" म्हणू नका. आठवड्यात किती दिवस त्रास होतो, रात्री कितीदा उठता, हे सांगा. उपचार त्यावर बदलतो.

डॉक्टर लिहून देतात त्या फवाऱ्यात स्टिरॉइड असतं, आणि या शब्दाला लोक फार घाबरतात. यातल्या एका नेहमीच्या औषधाच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम असतं; तोंडाने घ्यायच्या ५ मिलिग्रॅमच्या स्टिरॉइडच्या गोळीत त्याच्या शंभरपट. आणि फवाऱ्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं. तरी काचबिंदू-मोतीबिंदू असेल, किंवा लहान मुलाला महिनोन्महिने द्यायचं असेल, तर डॉक्टरांच्या नजरेखालीच. पर्चीशिवाय आम्ही हा फवारा देत नाही, ते याचसाठी. जुन्या पद्धतीच्या सर्दीच्या गोळीने गुंगी येते. ती घेऊन स्कूटर चालवू नका, परीक्षेच्या दिवसांत मुलांना विचारल्याशिवाय देऊ नका. कमी झोप आणणाऱ्या गोळ्या मिळतात, डॉक्टरांना विचारा.

नाक धुवायची बाटली आणि मिठाच्या पुड्या आमच्याकडे आहेत. फवाऱ्याच्या आधी नाक धुतलं तर औषध नीट लागतं. पाणी मात्र उकळून कोमट केलेलं हवं, नळाचं तसंच घेऊ नका. त्याच औषधाचा स्वस्त पर्यायही बहुतेक वेळा असतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर मागा, आम्ही स्वतःहून दाखवतो. छाती वाजत असेल, धाप लागत असेल, किंवा एकाच नाकपुडीतून सारखं रक्त येत असेल, तर दुकानात न येता थेट डॉक्टरांकडे जा.

यंदापासून प्रत्येक खोक्यावर बाटली उघडल्याची तारीख आम्ही पेनाने लिहून देतो. पंधराव्या दिवशी बाटली घेऊन या, फवारा मारून दाखवा. पद्धत चुकत असेल तर तिथेच सुधारू, आणि पद्धत बरोबर असूनही फरक नसेल तर डॉक्टरांना दाखवायला तसं चिठ्ठीवर लिहून देऊ. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते.