गार वारं लागून मुलाचं तोंड वाकडं होत नाही

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं, हसताना तोंड एकीकडेच ओढलं जातं. घरात कुणीतरी म्हणतंच, "गार वारं लागलंय, तेल चोळा, जाईल." वारं नव्हे. कानामागच्या हाडातल्या अरुंद नळीतून जाणारी चेहऱ्याची नस सुजते आणि तिथेच दबते. कारण बहुधा विषाणू, कधी कानातला संसर्ग. म्हणून आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. तोंड ओढलं जातं त्याच्या उलट, लुळ्या पडलेल्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत असतील, तर दोष मेंदूत असू शकतो. मग तासभरही थांबू नका.

तपासणीनंतर हलकं मालीश, आरशासमोरचे व्यायाम खुशाल करा. पण बहुतेक मुलं काही आठवड्यांत-महिन्यांत आपसूक बरी होतात आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १८७ मुलांवर झालेल्या चाचणीत (२०२२) स्टिरॉइड या सूज उतरवणाऱ्या औषधानेही महिन्याभरात ठळक फरक दिसला नाही. नाकात तेल मात्र घरी कधीच घालू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं.

खरी काळजी डोळ्याची. पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडं पडून जखम होते. डॉक्टरांना विचारून दिवसा थेंब घाला, रात्री मलम लावून पापणी नीट मिटवा आणि वर कागदी चिकटपट्टी लावा.