भारतातील नवीकरणीय ऊर्जेची बाजारपेठ

सूर्य, वारा, वाहते पाणी आणि जैवभार यांपासून वीज तयार करणे, ती वाहून नेणे आणि विकणे यांची भारतातील व्यवस्था. जून २०२५ मध्ये देशाच्या सुमारे ४८५ गिगावॅट स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली. यात मोठे जलविद्युत आणि अणुप्रकल्पही धरलेले आहेत. २०३० साठी ठरवलेला हा टप्पा पाच वर्षे आधीच गाठला गेला, ही मोठी कामगिरी आहे. तरीही देशात तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे, कारण क्षमता आणि वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सौर प्रकल्प रात्री बंद असतो, ढगाळ दिवशी रडतखडत चालतो. वर्षभराची सरासरी काढली तर पूर्ण क्षमतेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकीच वीज त्यातून मिळते. या क्षेत्राच्या बातम्या गिगावॅटमध्ये येतात. पण कोणत्या वेळी किती युनिट हाती आले, हे पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही.

१९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर सरकारने इकडे लक्ष घातले. १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जा विभाग, १९८७ मध्ये कर्जपुरवठ्यासाठी ‘इरेडा’ ही सरकारी संस्था आणि १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले. आधी वाढल्या त्या पवनचक्क्या: कन्याकुमारी जिल्ह्यात मुप्पंडल, महाराष्ट्रात साताऱ्याजवळचे वनकुसवडे-चाळकेवाडीचे पठार. त्या काळी गुंतवणूकदाराला पहिल्याच वर्षी भरघोस घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट, दाखवून कर वाचवता येई. मनोरा उभा राहिला की सवलत पदरात पडे. पाती किती फिरली याच्याशी तिचा संबंध नसे. २००९ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटमागे प्रोत्साहन रक्कम देण्याची योजना आली, ती या दोषावर उतारा म्हणून.

वीज कायदा, २००३ नुसार वितरण कंपन्यांनी नवीकरणीय वीज किमान किती घ्यावी, हे राज्य नियामक आयोग ठरवू लागले आणि गिऱ्हाईक पक्के झाले. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली. तिच्या पहिल्या लिलावात, म्हणजे सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला प्रकल्प देण्याच्या बोलीत, सौर वीज युनिटला १२ रुपयांच्या आसपास पडली होती. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथे हा दर २ रुपये ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांवर. चीनमधून येणारे पॅनेल स्वस्त झाले, हे याचे एक कारण. तयार जमीन आणि तयार वाहिनी देणारे सौर उद्यान आणि पैसे बुडणार नाहीत याची हमी, ही कारणेही तितकीच वजनदार होती. मध्य प्रदेशातील ७५० मेगावॅटच्या रेवा प्रकल्पात बिले थकल्यास राज्य सरकार मागे उभे राहील, असा करार झाला आणि दर लगेच खाली आला. तिथली काही वीज दिल्ली मेट्रो विकत घेते. कर्नाटकातील पावगडा येथे जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली गेली. दुष्काळी तालुक्यात वर्षाला ठरलेले भाडे मिळणे हा मोठा आधार आहे. त्याच रानात मजुरी करणाऱ्या भूमिहीनांना मात्र या भाड्यात वाटा नाही.

बाजारपेठेचा कच्चा दुवा म्हणजे खरेदीदार. बहुतेक वीज राज्यांच्या वितरण कंपन्या २५ वर्षांच्या करारांनी घेतात आणि त्यांतील अनेक कंपन्या तोट्यात आहेत. २०१९ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने आधी सही झालेल्या करारांचे दर कमी करण्याचा घाट घातला, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि देशभरचे गुंतवणूकदार हादरले. २०२२ च्या विलंब अधिभार नियमांनी वितरण कंपन्यांच्या जुन्या थकबाकीचे हप्ते बांधून दिले, त्याने शिस्त आली. आता अडचण वेगळी आहे: लिलाव पूर्ण होतात, पण पुढे आणखी स्वस्त मिळेल या आशेने वितरण कंपन्या खरेदी करारावर सही करत नाहीत.

महाराष्ट्राने निवडलेली वाट जरा निराळी आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, अधिक शहाणपणाची आहे. कृषिपंपांना आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री-फेज वीज देण्याची पद्धत येथे वर्षानुवर्षे चालली. रात्रपाळी आली की शेतकऱ्याने डोक्याला मफलर गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन दारे धरायला जायचे. एक वाफा भरला की चिखलात उभे राहून पाणी दुसऱ्यात वळवायचे. विंचूकाट्याची भीती सगळीकडे, आणि जुन्नरसारख्या भागात उसात बिबट्या. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेने उपकेंद्राजवळच छोटे सौर प्रकल्प उभारून ती वीज थेट शेतीच्या वाहिनीवर सोडायला सुरुवात केली. वीज तयार होते तेव्हाच आणि तिथेच ती खपते. लांबच्या पारेषणाचा खर्च वाचतो आणि शेतकऱ्याला रात्री झोप मिळते.

मोठ्या प्रकल्पांना ही सोय नाही. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, उच्चदाब वाहिनीला त्याहून जास्त वेळ लागतो. २०२५ मध्ये राजस्थानात तयार झालेली वीज वाहून नेता येत नाही म्हणून प्रकल्प थोपवावे लागले. त्याच वाळवंटात माळढोक राहतो. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरच्या तारा दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या क्षेत्रातील वाहिन्या भूमिगत करण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली.

विद्युत विनिमय केंद्रांवर, म्हणजे रोजच्या रोज वीज खरेदी-विक्री होणाऱ्या बाजारांत, दुपारी दर कोसळतात आणि सूर्य मावळला की टंचाईच्या दिवसांत ते युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतात. म्हणून पुढची गुंतवणूक साठवणुकीत आहे. दुपारी पाणी वर चढवून संध्याकाळी सोडणाऱ्या उदंचन प्रकल्पांना सह्याद्रीचा कडा सोयीचा आहे. घाटघर येथे २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून चालतो. बॅटरी साठवणुकीचे लिलावातील दर २०२२ नंतर तीन वर्षांत निम्म्याहून खाली आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नव्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान १० टक्के इतकी, दोन तास पुरणारी साठवण असावी, असे सुचवले.

पॅनेल देशात बनावेत म्हणून एप्रिल २०२२ मध्ये आयातीवर ४० टक्के सीमाशुल्क लावले गेले. देशात पॅनेल जोडण्याची क्षमता झपाट्याने वाढली. पॅनेलसाठी लागणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या मात्र अजून बहुतांशी चीनमधूनच येतात.

२०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता हे ग्लासगो हवामान परिषदेत २०२१ मध्ये जाहीर झालेले उद्दिष्ट क्षमतेच्या हिशेबाने आवाक्यात आहे. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांच्या छतांवरील सौर पॅनेलसाठी प्रत्येकी कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. विजेचे घड्याळ ग्राहकाच्या बिलातही शिरले आहे: २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांत दर किमान २० टक्के कमी ठेवायचा आणि मागणीच्या ऐन वेळी उद्योग-व्यवसायांना तेवढाच जास्त लावायचा आहे. त्यामुळे पीठगिरणीपासून फौंड्रीपर्यंत ज्यांना काम दुपारी हलवता येईल, त्यांच्यासाठी स्वस्त वीज आजच हजर आहे.