बायपोलरचं ‘एक जनुक’: अकराव्या गुणसूत्रावर सापडलं आणि दोन वर्षांत हातचं गेलं

स्थळ पाहताना ‘घराण्यात कुणाला वेडबिड नाही ना?’ हे अजूनही दबक्या आवाजात विचारलं जातं. ज्या घरात बायपोलरचा, म्हणजे कधी अतोनात उत्साहाचा उन्माद तर कधी खोल उदासी आणणाऱ्या आजाराचा, रुग्ण आहे, तिथे हा प्रश्न वर्षानुवर्षं छातीवर बसून राहतो. आजार रक्तातून उतरतो का, आणि उतरत असेल तर किती? आज याचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर देता येतं. पण ते मिळायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. वाटेत एकदा चुकीच्या उत्तराचा कायदा झाला, आणि एकदा ‘जनुक सापडलं’ म्हणून जगभर गाजावाजा होऊन दोन वर्षांत तो दावा कोसळला. आज या आजाराबद्दल जे छातीठोकपणे सांगता येतं, ते बरंचसं त्या चुकांमधूनच कळलेलं आहे.

आजाराला वेगळी ओळख मिळाली ती पॅरिसमध्ये. साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या झाँ-पिएर फाल्रे यांनी १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘चक्राकार वेडा’चं वर्णन केलं: उन्माद, मग उदासी, मग काही काळ ठीक, आणि पुन्हा तेच चक्र. हा आजार घराण्यात चालत येतो, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवलं. १८९९ मध्ये जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी त्याला ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह’ या मोठ्या छत्राखाली आणलं. हायडेलबर्गच्या आपल्या रुग्णालयातल्या सुमारे ८० टक्के रुग्णांत आनुवंशिक दोष दिसतो, असं त्यांनी लिहिलं. हा आकडा पुढे फार मिरवला गेला. पण त्या काळी ‘दोष’ या शब्दात दारूडा काका आणि विक्षिप्त आत्याही बसायची, त्यामुळे त्यातून फारसं सिद्ध होत नव्हतं.

क्रेपेलिन यांचे सहकारी एर्न्स्ट र्‍युडिन यांनी म्युनिकमध्ये शेकडो कुटुंबांच्या वंशावळी जमवल्या. मेंडेलच्या वाटाण्यांसारखं साधं गुणोत्तर माणसाच्या मनोविकारांत सापडेल, अशी त्यांची खात्री होती. १९२२ ते १९२५ दरम्यान त्यांनी मॅनिक-डिप्रेसिव्ह आजाराच्या आनुवंशिकतेवर मोठा अभ्यास केला. आकडे मेंडेलच्या चौकटीत बसले नाहीत आणि तो अभ्यास छापलाच गेला नाही. तरीही १४ जुलै १९३३ रोजी नाझी सरकारनं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, तेव्हा त्याच्या यादीत ‘चक्राकार वेड’ होतं आणि कायद्याच्या अधिकृत भाष्याच्या लेखकांत र्‍युडिन होते. सगळ्या निदानांची मिळून सुमारे चार लाख माणसांची नसबंदी त्या कायद्याखाली झाली. स्वतःचेच आकडे उलट सांगत असताना हे झालं, म्हणून हा भाग विसरता कामा नये. महायुद्धानंतर बराच काळ मनोविकारांची आनुवंशिकता हा विषयच बदनाम झाला, तोही याच कारणानं.

मग एका आजाराचे दोन झाले. १९५७ मध्ये कार्ल लेओनहार्ड यांनी उन्माद आणि उदासी दोन्ही असलेले रुग्ण आणि फक्त उदासी असलेले रुग्ण वेगळे काढले. १९६६ मध्ये स्वित्झर्लंडचे यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनचे कार्लो पेरिस यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की या दोन गटांच्या नातेवाइकांचं चित्रही वेगळं असतं. १९८० मध्ये मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणानं ‘बायपोलर’ हे नाव अधिकृत केलं.

घराण्यात चालतं म्हणजे रक्तातूनच येतं असं नाही. एकाच घरातली माणसं एकच ताण, एकच जेवण, एकच भांडणं वाटून घेतात. हा गुंता जुळ्यांनी सोडवला. हुबेहूब जुळ्यांचे जनुक सारखे असतात, साध्या जुळ्यांचे सरासरी निम्मे. घर मात्र दोघांचं एकच. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात एकाला बायपोलर असेल तर हुबेहूब भावंडालाही तो असण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के निघालं, साध्या जुळ्यांत सुमारे ५ टक्के. पुढच्याच वर्षी फिनलंडमध्ये हे आकडे ४३ आणि ६ टक्के आले. स्वीडनमध्ये २० लाखांहून अधिक कुटुंबांच्या सरकारी नोंदी तपासून २००९ मध्ये आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ५९ टक्के काढला गेला, आणि बायपोलर व स्किझोफ्रेनिया यांची जनुकीय मुळं बरीच एक आहेत हेही त्याच अभ्यासातून स्पष्ट झालं. चाळीस टक्क्यांचा तो आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. जनुकांचा संच तोच असूनही निम्म्याहून जास्त हुबेहूब भावंडांना आजार होत नाही.

शरीरात नेमकं काय बिघडतं, याचा शोध औषधांच्या बाजूनं सुरू झाला, आणि त्यातला एक धागा मुंबईतून जातो. १९४९ मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. तीन वर्षांनी त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खोल उदासीत जातात, अशा नोंदी येऊ लागल्या. रिसर्पिन मेंदूतला नॉरअ‍ॅड्रिनलिन, डोपामाइन आणि सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनांचा साठा रिता करतं. उलट क्षयावरच्या इप्रोनियाझिडनं ही रसायनं वाढत आणि रुग्ण उल्हसित होत. या दोन टोकांवरून १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी गणित मांडलं: नॉरअ‍ॅड्रिनलिन कमी म्हणजे उदासी, जास्त म्हणजे उन्माद. मांडणी सुटसुटीत होती, म्हणूनच ती इतकी टिकली. पण रसायनं काही तासांत बदलतात आणि उदासी उतरायला आठवडे लागतात, याचा तिच्याकडे जबाब नव्हता. रिसर्पिनचा पुरावाही नंतरच्या फेरतपासणीत वाटला होता तितका भक्कम निघाला नाही.

दुसरा धागा मेलबर्नचा. तिथले मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांना वाटत होतं की उन्माद म्हणजे शरीरात साठलेलं एखादं विष. ते लघवीत सापडेल म्हणून ते रुग्णांची लघवी गिनीपिगना टोचत. यूरिक अ‍ॅसिड पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्यांनी त्याचा लिथियम क्षार वापरला आणि गिनीपिग शांत झाले. बहुधा ती लिथियमची विषबाधाच होती. पण केड यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं आणि १९४८ मध्ये ते रुग्णांना दिलं. पहिला रुग्ण ५१ वर्षांचा, पाच वर्षं सलग उन्मादात होता. काही आठवड्यांत तो सुधारला आणि घरी गेला. पुढे गोळ्या सोडल्या, आजार उलटला, पुन्हा लिथियम सुरू झालं आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं तो गेला. रक्तातली पातळी मोजण्याची सोय तेव्हा हाताशी नव्हती. आज शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घेतात आणि पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात. १.५ च्या वर गेली की धोका. जुलाब, उलट्या, उन्हाळ्यातलं पाणी कमी पडणं किंवा सांधेदुखीसाठी घेतलेली आयबुप्रोफेन, यातल्या कशानंही ती वर सरकते. लिथियम दोन्ही टोकं आवरतं. शिल्डक्राउट यांच्या तराजूत ते कधीच बसलं नाही, आणि पुढच्या संशोधनाला खरी दिशा त्यानंच दिली.

आता अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्याकडे. तिथला जुन्या वळणाचा, आधुनिक यंत्रांपासून दूर राहणारा आमिश हा ख्रिस्ती समाज अठराव्या शतकात युरोपातून आलेल्या मोजक्या जोडप्यांपासून वाढला. लग्नं समाजातच होतात, मुलं भरपूर, वंशावळी लिहून ठेवलेल्या, दारू आणि अमली पदार्थ जवळपास नाहीत. जनुक शोधायला याहून स्वच्छ जागा मिळणं अवघड. संशोधक जॅनिस इगलंड यांनी १९७६ मध्ये तिथे अभ्यास सुरू केला. आमिश माणसाचा उन्माद ओळखणं ही त्यातली पहिली अडचण. उधळपट्टी आणि भपका यांना त्या साध्या राहणीत वावच नाही. म्हणून लक्षणं तिथल्या जगण्यातूनच शोधावी लागली: घोडागाडी बेफाम पिटाळणं, सार्वजनिक फोनवर तासन्‌तास बोलणं, समाजाला मान्य नसलेली यंत्रं विकत घेणं, भलत्याच हंगामात सहलीचे बेत आखणं.

शोधण्याची रीत अशी. एखाद्या घराण्यात आजार आणि डीएनएवरची एखादी खूण पिढ्यान्‌पिढ्या जोडीनं उतरत असेल, तर आजाराचं जनुक त्या खुणेच्या शेजारी असणार. ही जोडी योगायोगाची नाही हे लॉड नावाच्या गुणानं मोजतात. गुण ३ झाला की योगायोगापेक्षा शक्यता हजारपट. फेब्रुवारी १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये इगलंड आणि सहकाऱ्यांनी ८१ जणांच्या एका वंशावळीत अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर अशी जोडी सापडल्याचं जाहीर केलं, गुण ३ च्या बराच वर. शेजारीच डोपामाइन बनवण्याच्या वाटेवरच्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेझ या विकराचं (एन्झाइमचं) जनुक होतं, म्हणजे रसायनांची मांडणी आणि जनुक एकाच ठिकाणी येऊन मिळत होती. त्याच अंकात आइसलँडमधल्या आणि अमेरिकेतल्या इतर कुटुंबांत ही जोडी दिसत नसल्याचे निबंधही होते. ते कुणी फारसे मनावर घेतले नाहीत.

नोव्हेंबर १९८९ मध्ये तीच वंशावळ पुन्हा तपासून छापली गेली. मधल्या काळात आधी ‘निरोगी’ धरलेल्या दोघांना आजार झाला होता आणि त्यांच्याकडे ती खूण नव्हती. त्यातच घराण्याची नवी शाखा जोडली गेली. गुण कोसळला. हे का झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. लॉडच्या गणितात ‘निरोगी’ हीही एक ठाम नोंद असते. बायपोलर बहुतेकदा किशोरवय ते पंचविशीच्या आसपास सुरू होतो, पण चाळिशीतही येऊ शकतो. त्यामुळे आजचा निरोगी उद्याचा रुग्ण असू शकतो. शिवाय आजार एकाच जनुकानं, ठरावीक पद्धतीनं उतरतो हे गृहीत धरलेलं होतं. गृहीतच चुकलं की दोन माणसंही सगळा डोलारा पाडू शकतात. इस्राएली कुटुंबांत एक्स गुणसूत्राशी, रंगांधळेपणाच्या खुणेजवळ जोडी दाखवणारा १९८७चा दुसरा निबंधही १९९३ मध्ये मूळ संशोधकांनीच मवाळ केला. स्वतःचा दावा त्यांनी स्वतः तपासून मागे घेतला, याबद्दल या मंडळींचं कौतुक व्हायला हवं.

नव्वदच्या दशकात आवडत्या जनुकांच्या मागे लागण्याचा काळ आला: सेरोटोनिन वाहकाचं जनुक घ्या, शे-दोनशे रुग्ण घ्या, तुलना करा. एकाला सापडे, दुसऱ्याला नाही. परिणाम इतका बारीक की तेवढ्या नमुन्यात तो दिसणंच शक्य नव्हतं. २००७ पासून पद्धत बदलली. आता आवडतं जनुक निवडायचं नाही, साऱ्या जनुकसंचावर पसरलेल्या लाखो खुणा एका चिपवर तपासायच्या. मात्र सुमारे दहा लाख स्वतंत्र चाचण्या एकदम केल्या की केवळ योगायोगानंच हजारो खुणा खऱ्या वाटू लागतात. म्हणून योगायोगानं चुकण्याची मुभा २० पैकी १ वरून दोन कोटींपैकी १ वर आणली. इतकी कडक कसोटी पार करायला प्रचंड नमुने लागतात. २००८ मध्ये सुमारे ४,४०० रुग्णांत कॅकना-वन-सी आणि अँक-थ्री ही जनुकं पुढे आली. २०१९ मध्ये २० हजार रुग्ण आणि जनुकसंचावरच्या, आजाराशी जोडलेल्या ३० जागा, २०२१ मध्ये सुमारे ४२ हजार रुग्ण आणि ६४ जागा. जानेवारी २०२५ मध्ये दीड लाखांहून अधिक रुग्ण आणि २९८ जागा. यातली एकेक जागा धोका किती वाढवते? कॅकना-वन-सीच्या खुणेनं सुमारे १.१८ पट, आणि ही मोठ्यांपैकी एक.

एवढ्या बारीक परिणामांतूनही जीवशास्त्र दिसू लागलं. कॅकना-वन-सी पेशीच्या आवरणातला कॅल्शियमचा दरवाजा घडवतं आणि अँक-थ्री चेतापेशीवर सोडियमचे दरवाजे जागेवर धरून ठेवतं. दोन्ही कामं चेतापेशीला विद्युतसंदेश सोडायला लावणारी. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत रुग्णांच्या त्वचापेशींपासून बनवलेल्या चेतापेशी निरोग्यांच्या पेशींपेक्षा जास्त उत्तेजित दिसल्या. ज्यांना प्रत्यक्षात लिथियम लागू पडलं होतं, त्यांच्याच पेशी ताटलीत लिथियमनं शांत झाल्या. २०२२ मध्ये सुमारे १४ हजार रुग्णांचे जनुकक्रम वाचून अ‍ॅकॅप-इलेव्हन हे जनुक पुढे आलं. त्याचे बिघडलेले प्रकार विरळ, पण धोका खूप वाढवणारे. या जनुकाचं प्रथिन जीएसके-थ्री या विकराला धरून ठेवतं, आणि लिथियम नेमका तोच विकर दाबतं हे १९९६ पासून माहीत होतं. गिनीपिगच्या पिंजऱ्यातून निघालेला धागा आणि जनुकांचा धागा इथे पहिल्यांदा जवळ आले.

२०२५च्या त्या यादीत युरोपीय, पूर्व आशियाई, आफ्रिकी-अमेरिकी आणि लॅटिनो वंशाचे नमुने आहेत. दक्षिण आशियाचा स्वतंत्र गट नाही. खुणांची बेरीज करून काढलेला जनुकीय धोक्याचा आकडा ज्या वंशाच्या नमुन्यांवर बेतला, त्याच्या बाहेर आणखी लंगडा पडतो, आणि युरोपीयांतही तो एकूण धोक्याचा थोडाच भाग सांगतो. त्यामुळे ‘बायपोलर होणार का’ हे सांगणारा अहवाल कुणी विकत असेल, तर आपल्याकडच्या कुटुंबानं त्यासाठी पैसे मोजू नयेत. बंगळुरूत निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आणि तिथल्या जीवशास्त्र संस्था एकाच घरातल्या अनेक रुग्णांच्या आणि त्यांच्या निरोगी नातेवाइकांच्या पेशी जपून त्यांपासून चेतापेशी वाढवत आहेत, ते काम म्हणूनच महत्त्वाचं.

आपल्याकडे आज उपयोगाची जनुकीय तपासणी एकच, आणि तिचा आजार होण्याशी संबंध नाही. उन्मादावर दिली जाणारी कार्बामाझेपिनची गोळी सुरू करण्याआधी एचएलए-बी १५०२ हा जनुकाचा प्रकार आहे का ते पाहतात. तो असलेल्यांत, आशियाई लोकांत विशेषतः, या गोळीनं त्वचा सोलवटून जाणारी जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००७ मध्येच तसा इशारा दिला होता.

लग्नाच्या प्रश्नाचं उत्तर असं: सर्वसाधारण लोकांत धोका शंभरात सुमारे एक. आई किंवा वडिलांपैकी एकाला आजार असेल तर साधारण पाच ते दहा, म्हणजे अशा शंभर मुलांतल्या नव्वद किंवा त्याहून जास्त मुलांना बायपोलर होत नाही. साध्या नैराश्याचा धोका मात्र त्यांनाही इतरांपेक्षा जास्त असतो. डॉक्टरांकडे जाताना तीन पिढ्यांचा कागद करून न्यावा: कुणाला कोणत्या वयात काय झालं, कुणी आत्महत्या केली का, बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत कुणी बिघडलं होतं का, जागरणानंतर कुणाचा उन्माद सुरू झाला का, आणि कुणाला लिथियम लागू पडलं का. लिथियमचा गुण घराण्यात चालतो, म्हणून शेवटचा रकाना रिकामा सोडू नये. पहिलंच दुखणं उदासीचं असेल, तर हा कागद पाहून डॉक्टर नुसती नैराश्याची गोळी देण्याआधी थांबतात, कारण अशा रुग्णाला ती एकटी गोळी उन्मादात ढकलू शकते.